तेवीस नावांचा कागद

मद्रास (आता चेन्नई लिहायचं म्हणतात)
२० ऑक्टोबर १९९६, रविवार

दिशा यांना बुद्धभूषणचा जय भीम.

तात्या, तुमालाही जय भीम. पाकीट तुम्हीच आधी फोडणार हे मला माहीत आहे. दिशाच सांगायची, सांगवीच्या घरी पत्र आलं की पहिल्यांदा तात्यांचा चष्मा शोधायला लागतो. आता तर मोतीबिंदू काढलाय, म्हणजे बिनचष्म्याचंही वाचाल. म्हणून कागदावर मधोमध रेघ मारली आहे. रेघेच्या वरचं तुमच्यासाठी, खालचं तिच्यासाठी. ओलांडायची का नाही ते तुमी बघा.

तुमी मागं विचारलं होतं, पोरगी एवढ्या लांब जाऊन करते काय. आम्ही कार्टून काढतो. गोष्ट अमेरिकेची, कंपनी अमेरिकेची, हात आमचे. तिकडून दोन चित्रं येतात. एकात कुत्रं खाली बसलंय, दुसऱ्यात ते टेबलावर चढलंय. त्यामधली दहा चित्रं मी काढायची. त्यांना आम्ही नुसतं 'मधली' म्हणतो. मधली झाली की ती पारदर्शक प्लास्टिकवर उतरवतात आणि दिशाच्या खात्यात जातात. तिथं पोरी मागच्या बाजूनं रंग भरतात, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. तिकडं अमेरिकेत पोरं सकाळी टीव्ही लावतात तेव्हा कुत्र्याच्या जिभेचा रंग सांगवीच्या पोरीनं भरलेला असतो.

मला शाळा आठवीच्या पुढं जमली नाही. माळेगावला ट्रॉल्यांच्या मागं नावं काढायचो, जयंतीचे बोर्ड काढायचो. पुण्याला या कामाची चाचणी झाली तेव्हा दिशा माझ्या शेजारी बसली होती. ती इंटरमिजिएट ड्रॉइंग पास. मी तिच्या कागदाकडं बघून पास.

आता भांडणाचं. उन्हाळ्यात रंगाच्या खात्यात एक पोरगी वासानं चक्कर येऊन पडली. त्या खोलीला खिडकी नव्हती. मग राजवर्धननं अर्ज लिहिला. राजवर्धन म्हणजे इंदापूरचा, माझ्याच खोलीत राहतो, त्याला इंग्रजी येतं. मागण्या तीन: वास बाहेर टाकणारा पंखा, रविवारची सुट्टी, आणि अमेरिकेनं नापास केलेलं काम रात्री थांबून फुकट करायचं नाही. चौथी मी घुसडली, चौदा एप्रिलची सुट्टी. अर्ज मोठ्या कागदावर लिहून गेटवर लावला आणि सहा दिवस बाहेर बसलो. तेव्हा दिशा तुमच्या डोळ्यासाठी सांगवीत होती.

पंखा लागला. रविवार मिळाला, आज त्याच रविवारी लिहितोय. पण अर्जाखाली ज्या तेवीस जणांची नावं होती त्या सगळ्यांना काढलं. आणि मॅनेजरनं त्या कागदाची झेरॉक्स काढून मुंबई, हैदराबाद, पुणे, जिथं जिथं हे काम चालतं तिथं पाठवली. ह्या लोकांना घेऊ नका म्हणून. तेवीस नावांत दिशाचं आहे. ते तिनं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय.

तात्या, तुमचं इथं संपलं.

___

दिशा, इथं आपण अरेतुरे करायचो. पण पत्र घरात जाणार म्हणून 'तुम्ही' लिहितो.

मला एवढंच सांगायचंय की माझ्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडं लग्नाची पत्रिका छापताना कुणी कुणाला विचारतं का, तुमचं नाव घालू का म्हणून? उलट राहिलं तर भावकी रुसते. आमच्या शेळगावात माझ्या चुलत्याचं नाव एका पत्रिकेत राहिलं तर त्यानं चार वर्षं त्या घराचं पाणी पिलं नाही. मला तेच भ्या वाटलं. तुम्ही सुट्टीवरून परत याल, गेटवरचा कागद बघाल, म्हणाल, सगळ्यांची नावं आहेत, माझंच नाही? मी परकी का? म्हणून घातलं.

तुमच्या टेबलावर अजून कुणी बसलेलं नाही. दिवा काढून नेलाय, तुमचे सुती हातमोजे खणात आहेत. पाठवू का?

मी अजून कामावर आहे. ते कसं, ते पुढं लिहीन.

बुद्धभूषण

•

चेन्नई
८ डिसेंबर १९९६

दिशा यांना जय भीम.

परवाच्या सहा डिसेंबरला मी आणि राजवर्धन इथल्या वस्तीतल्या पुतळ्यापाशी जाऊन आलो. गाणी तामिळ, पण चाल ओळखीची. राजवर्धन आपल्यातला नाही, तरी आला. म्हणाला, "रिकामाच हाय, चल." त्याला काढल्यापासून तो रिक्षांच्या नंबरप्लेटा रंगवतो.

तात्यांचं कार्ड मिळालं. तात्या, तुमी रेघ ओलांडलीच, मला कळलं, कारण हातमोजे पाठव म्हणून तुमीच लिहिलंत. पाठवले आहेत. तुमचं बाकीचं कार्ड मी चारदा वाचलं. पुण्याच्या दोन स्टुडिओंत दिशा गेली आणि दोन्हीकडं नाव ऐकल्यावर फाईल काढून बघितली आणि जागा भरली म्हणाले. दुसरीकडचा माणूस तर तोंडावर बोलला, पुढारीण हवीय कुणाला. आणि तुमी खाली लिहिलंय, "पोरगी गुमान घरात बसती. हातात बरूस घेत न्हाय. समद्यांची नावं हायती त्या कागदात, मग बाबा तुझं कसं न्हाय?"

सांगतो तात्या. आधी दुसरं सांगतो.

अमेरिकेच्या कंपनीनं काम तपासायला एक म्हातारा पाठवलाय. लिंडल साहेब. सत्त्याहत्तर वर्षांचा, खिशात चार पेन्सिली, पाठीत वाकलेला. मी काढलेली मधली हातात धरून पत्त्यासारखी फरफर उडवतो आणि त्यातली एकच ओढून काढतो. तीच चुकलेली असते. संध्याकाळी तो गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर येतो, कारण काढलेली पोरं तिथं बसतात आणि त्याला आतल्यांपेक्षा ती आवडतात. राजवर्धन त्याचं बोलणं आम्हाला सांगतो. त्यामुळं लिंडल साहेब आमच्यापुरता इंदापूरचाच झालाय.

"सायेब म्हणतोय," राजवर्धन सांगतो, "एक्केचाळीस साली म्या बावीस वर्सांचा. कॅलिफोर्नियात कार्टूनची लय मोठी कंपनी. आमी बी असंच गेटाबाहेर बसलो. हातात पाट्या. पाट्या चित्रकारांनीच काढलेल्या, म्हंजे एक नंबर. लोक गाड्या थांबवून पाट्या बघायचे, मागण्या कुणी वाचायचं न्हाय."

राजवर्धननं त्याला विचारलं, तुमच्या संपामुळं काम इकडं आलं का? मग आम्ही फितूर झालो का?

म्हातारा हसला. "सायेब म्हणतोय, आमी परवडंना म्हणून काम तुमच्याकडं आलं. तुमी परवडंना झाला की आनखी फुडं जाईल. माझं तेवढं इमानाचं तिकीट वाढतं."

मग त्यानं दुसरा चहा मागवला आणि बोलायला लागला. राजवर्धन वाक्यावाक्याला थांबून सांगत होता. "म्हणतोय, संपानंतर धा वर्सांनी सरकारची कमिटी बसली. कम्युनिष्ट हुडकायला. मला बोलावलं. म्हणले, तू न्हाईस ना? मग कोन होतं ते सांग आन् जा कामाला. मी एक नाव सांगितलं. दोस्ताचं. त्यांच्याकडं ते आधीच हुतं. म्हटलं, आधीच असलेलं सांगितल्यानं काय बिघडतंय."

मी विचारलं, मग काय झालं त्याचं?

"त्याला पुन्ना कुटंच चितारायला मिळालं न्हाय. पावाची गाडी चालवायचा. मला मिळत ऱ्हायलं. अजून मिळतंय, म्हणतोय, बघा की, मद्रासपातुर."

सांगून झाल्यावर राजवर्धन माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझं तोंड का उतरलं? सायबाचा दोस्त बुडाला, तुझा न्हाय."

त्याला माहीत नव्हतं, दिशा. तुम्हाला सांगतो. आदल्याच दिवशी मॅनेजरनं मला केबिनमधे बोलावलं होतं. मीच महिनाभर तोडक्यामोडक्या हिंदीत त्याच्या मागं लागलो होतो की दिशा खरातचं नाव काढा, ती त्या आठवड्यात इथं नव्हतीच. तो म्हणाला, काढतो. सगळ्या स्टुडिओंना फॅक्स करतो. पण तिचं नाव कागदात सगळ्यात वर आहे. ती पुढारी नाही तर पुढारी कोण, ते एका ओळीत लिहून दे. अर्ज कुणी लिहिला ते त्याला माहीतच आहे. त्याला फक्त माझ्या हातचं पाहिजे, आमच्यातल्याच माणसानं सांगितलेलं, म्हणजे राजवर्धनला या धंद्यात कायमचं बंद करता येईल.

एक ओळ. मी अजून दिलेली नाही. राजवर्धन आत्ता माझ्या पाठीमागं स्टोव्हवर भात करतोय आणि विचारतोय, एवढं काय लिहितोस, कादंबरी का?

बुद्धभूषण

•

चेन्नई
१४ जानेवारी १९९७

दिशा,

आता 'तू' लिहितो. जे लिहायचंय ते 'तुम्ही' म्हणून लिहिता येत नाही. तात्या, रागवू नका.

आज इथं पोंगल. दारोदार ऊस बांधलाय, आख्खा, पाल्यासकट. लोक विकत आणतात, जोडीनं. मी एका बाईला विचारलं हा कुठला. तिला माझी भाषा कळली नाही. मी वास घेतला नुसता. आता माळेगावच्या कारखान्यात गाळप भरात असेल, तात्या वजनकाट्यावर बसून गाड्या मोजत असतील, आणि तू डबा घेऊन गेलीस की सगळ्या रस्त्याला गुळमट वास. तू म्हणायचीस तुला त्या वासानं मळमळतं. मी म्हणायचो मला पण. खोटं बोलायचो.

माझं नाव त्या कागदात का नाही, ते सांगतो.

अर्ज गेटवर लावायचा म्हणून ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला. राजवर्धन म्हणाला, सह्या नकोत, नावंच लिही ठळक, तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. इंग्रजीत लिहायचं होतं. प्रत्येकाचं स्पेलिंग तो सांगायचा आणि मी काढायचो. पण सगळ्यात वरचं मी त्याला न विचारता काढलं. तुझं स्पेलिंग मला पाठ होतं. तू तुझ्या प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचीस ना बारीक, ते मी रोज बघायचो.

मोठं काढलं मी ते. बोर्डावर दुकानाचं नाव काढतात तसं. लाल, त्याला काळी सावली. सगळ्यांनी हसून घेतलं. पत्रिकेत मानाचं नाव वर असतं ना, तसं मला वाटलं. ते असं वाचलं जाईल की ही सगळ्यांची म्होरकी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग खाली बावीस नावं. आणि लिहिणाऱ्यानं आपलं शेवटी लिहायचं, ही आपली रीत. शेवटी आलो तर जागा नाही. बोर्डवाल्याची ही नेहमीची चूक आहे, पहिलं अक्षर हौसेनं मोठं काढायचं आणि शेवटची दोन भिंतीबाहेर.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगितलं. राजवर्धनलाही. तो म्हणाला, "जाऊ दे, मनात हाय न्हवं तू." आणि मॅनेजरनं यादी वाचून तेविसांना काढलं आणि मला आत घेतलं.

पुढचं कुणाला सांगितलं नाही. कागदाची पाठ कोरी होती.

मी कागद हातात धरला होता. उलटला असता. समासात आडवं लिहिता आलं असतं, तुझ्या नावाच्या बाजूला तर बोटभर जागा होती. मला ते दिसलं. मी रोज मिलिमीटर बघून रेघ काढतो, मला दिसणार नाही होय? दिसलं आणि मी मनात म्हटलं, राहिलं तर राहिलं. आपण होऊन थोडंच गाळलंय. माळेगावला परत जाऊन ट्रॉल्या रंगवायच्या नव्हत्या मला. तेवढ्यात राजवर्धननं कागद ओढला आणि खळ लावली.

म्हणजे तुझं नाव मी तुला न विचारता घातलं आणि माझं मी मला विचारून गाळलं. पत्रिकेचं मी सांगितलं ते खरं आहे, पण ते सांगून मी हे झाकत होतो.

शुक्रवारी मी मॅनेजरच्या केबिनमधे गेलो. मूळ कागद त्याच्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेला. मी म्हटलं, तो द्या, त्याच्यावरच लिहून देतो. त्याला वाटलं, आलं जाळ्यात. त्यानं दिला. मी उलटा पसरला, खळीचे डाग होते, त्यातनं जागा काढली आणि मधोमध एक नाव काढलं. माझं. इंग्रजीत. स्पेलिंग कुणाला विचारलं नाही, चुकलं असेल. त्याच्याखाली मराठीत लिहिलं की, पुढच्या बाजूची सगळी नावं माझ्या हातची आहेत, दिशा ज्ञानू खरात तेव्हा सांगवीत होती, तिला न विचारता मी लिहिलं, आणि पुढारी कोण विचाराल तर ज्याचं अक्षर तो.

मॅनेजर म्हणाला, हे मला वाचता येत नाही.

मी कागद घेऊन टपरीवर गेलो. राजवर्धनला म्हटलं, हे इंग्रजीत करून साहेबाला सांग, म्हणजे तो टाइप करेल. राजवर्धन वाचायला लागला. वाचता वाचता थांबला. मग मॅनेजरनं काय मागितलं होतं तेही मी सांगितलं.

"आयला," तो म्हणाला, "माजं लिवायचं की मग. मी तर काढल्यालाच हाय. तेविसांत हायच माजं नाव. आनखी एकदा लिवल्यानं काय बिघडणार हुतं?"

लिंडल साहेब समोर बसला होता, त्याला मराठी कळत नाही. तो आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

मग मी राजवर्धनला कोऱ्या पाठीचं सांगितलं. त्यानं साहेबाला ते सांगितलं नाही. बाकीचं सगळं सांगितलं, साहेबानं टाइप केलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्याच्या सहीचा कागद मॅनेजरला टाकून देता येत नाही, तो अमेरिकेचा माणूस. काल सोमवारी फॅक्स गेले. तुझं नाव निघालं. माझं चढलं, आणि माझ्या हातातली पेन्सिल तिथंच टेबलावर ठेवून घेतली.

बाकी बावीस तसेच आहेत. ते माझ्यानं झालं नाही.

राजवर्धन तेव्हापासून भात दोघांचा करतो, पण बोलत नाही.

भूषण

•

चेन्नई
९ मार्च १९९७

दिशा,

तात्यांचं कार्ड काल आलं. "पुण्याच्या नव्या ष्टुडिओचं बोलावनं आलं. सतरा तारखेला परीक्षा. जाती म्हणती. तुझ्याइशयी बोलत न्हाय, इचारलं तरी. पत्रं समदी पत्र्याच्या पेटीत ठिवली हायती, मी फाडाय निघालो हुतो तर हातातनं घेतली. – ज्ञानू खरात." तात्या, फाडायला निघाला होता हेही लिहिलंत, बरं केलंत.

राजवर्धन गेल्या आठवड्यात इंदापूरला गेला. ठमाबाई, म्हणजे त्याची आई, पोराला बारका झालास म्हणून मलाच शिव्या देत असेल. जाताना स्टेशनवर बोलला. "तूबी चल. हितं काय हाय तुझं?" मी म्हटलं, जरा राहतो. मी आता दुकानांच्या पाट्या रंगवतो, तामिळमधे. एक अक्षर वाचता येत नाही. कागदावर लिहून देतात तसं भिंतीवर मोठं करतो, लोक म्हणतात झकास. एका जागी तीन दिवस एक नाव काढत होतो. नंतर कळलं ते नाव नव्हतं, 'इथं गाडी लावू नये' होतं.

संध्याकाळी कधीकधी स्टुडिओच्या बाजूनं येतो. पंखा चालू असतो. भिंतीतनं वास बाहेर येतो, तुझ्या खात्याचा, त्यात आता कुणी ओळखीचं नाही. थोडा वेळ उभा राहतो.

सतरा तारखेचं ऐक. सांगवीतनं पहिल्या यष्टीनं निघ, बारामतीला गाडी बदलताना खिडकीकडची जागा धरू नको, उन्हानं डोळे दिपतात आणि तुला तिथं गेल्या गेल्या रेघ बघायची आहे. आता नुसता रंग भरायला देत नाहीत, मधलीही काढायला सांगतात. तुला दोन चित्रं देतील. एक माणूस बसलेला, एक उभा, असं काहीतरी. सगळे काय करतात, बरोब्बर मधोमधलं काढतात. ते चुकतं. माणूस उठताना आधी पुढं वाकतो, हात गुडघ्यावर जातो, मग कंबर सुटते. तात्यांना खुर्चीवरनं चारदा उठायला लाव आणि बघ. तात्या, उठा जरा. लिंडल साहेबानं मला हे दोन महिने शिकवलं आणि मी आता ते भिंतीवर 'गाडी लावू नये' काढायला वापरतोय, म्हणून तू घे.

पेन्सिल मऊ ने. हातमोजा एकच घाल, उजव्या हातात, बोटं कापलेला, करंगळी तेवढी झाकलेला. दोन्ही घातलेस की तुझी रेघ घाबरते. हे मी तुला कधी बोललो नव्हतो, पण चार वर्षं तुझ्या खात्यात येता-जाता बघत होतो.

परीक्षेच्या आधी एक फॉर्म भरून घेतील. त्यात शेवटी विचारलेलं असतं, या धंद्यात तुमच्या ओळखीचा कोण आहे, त्याचं नाव लिहा. तिथं लिंडल साहेबाचं लिही, मी त्याला विचारलंय, तो व्हय म्हणाला.

माझं लिहू नको. कुणी तोंडी विचारलं, हा बुद्धभूषण मखरे तुमच्या बाजूचाच ना, ओळखता का, तर न्हाय म्हण.

भूषण